नाक शाबूत आहे, नोकरीही शाबूत राहू द्या: ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेलमालकांना आणि वाइन वितरकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील हॉटेलमालक, रेस्टॉरंटचालक, वाइन वितरक आणि त्यांच्याकडचे एचआर प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

यंदा नोकरीचे करार नव्याने करताना तुमच्यापैकी काहींनी त्यात एक कलम घातलं आहे. शब्द जागोजागी वेगळे आहेत, पण आशय एकच. ज्याला कर्करोग किंवा तसाच गंभीर आजार झाला, ज्याच्यावर केमो किंवा रेडिएशन झालं, त्याला वाइनच्या कामावर परत घेतलं जाणार नाही. टेस्टिंग, खरेदी, सर्व्हिस, सेलर (वाइन साठवण्याची जागा), द्राक्षबागांच्या भेटी, सगळं बंद. ‘इतर योग्य काम उपलब्ध असल्यास’ ते दिलं जाईल, असं पुढे लिहिलेलं असतं. ते काम उपलब्ध नसतं, हे सही करणाऱ्यालाही माहीत असतं आणि करून घेणाऱ्यालाही.

आम्ही या कलमाला विरोध करतो आहोत. हे लिहिणाऱ्यांत सोमेलिए, म्हणजे गिऱ्हाइकाला वाइन सुचवून वाढणारे, आहेत, बँक्वेट कॅप्टन आहेत, तुर्भे-भिवंडीच्या गोदामांत माल सांभाळणारे आहेत, वितरकांसाठी हॉटेलच्या पोरांना शिकवणारे आहेत. काहींचे उपचार चालू आहेत, काहींचे झालेत, आणि उरलेले त्यांच्या शेजारी उभे राहून काम करतात. एकेकट्याने केबिनमध्ये जाऊन बोलून झालं. आता सगळ्यांसमोर बोलतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल की आमचं म्हणणं काय आहे आणि काय नाही.

काय नाही, ते आधी सांगतो. मद्य आणि कर्करोग यांचा संबंध आम्ही नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला पहिल्या गटातला, म्हणजे सिद्ध झालेला कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं, स्त्रियांमध्ये स्तन, या सगळ्यांच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध आता सिद्ध मानला जातो. वाइन तोंडात घोळवून थुंकली तरी तोंडाच्या अस्तराला मद्य लागतंच आणि थोडं रक्तातही जातं. त्यामुळे डॉक्टरांनी ‘तोंडात घ्यायची नाही’ म्हटलं असेल, तर ती तोंडात घ्यायची नाही, यावर आमचा तुमच्याशी काडीचाही वाद नाही. पिण्याची मुभा आम्ही मागत नाही. आमचं म्हणणं इतकंच की वाइनच्या कामातला तोंडात घेण्याचा भाग लहान आहे, आणि बाकीचं काम ते माणूस करू शकतं की नाही हे तपासून ठरवा. निदानाचा कागद बघून ठरवू नका.

पहिली तक्रार चवीबद्दलची आहे, कारण तुमच्या कलमाचं सगळं समर्थन तिथेच उभं आहे. जीभ गेली, मग वाइनवाला कसला, असं आम्हाला ऐकवलं जातं. जीभ ओळखते ते थोडंच: गोडी, आंबटपणा, कडवटपणा, क्वचित खारटपणा. तुरटपणा आणि मद्याची ऊब हे तोंडाला जाणवणारे स्पर्श आहेत. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनमधला पेरू, सॉव्हिन्यों ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमधली हिरवी ढोबळी मिरची, शिराझ या रेड वाइनमधली काळी मिरी, हे सगळे वास नाक ओळखतं. काही भाग ग्लासवरून थेट नाकात जातो, काही तोंडातून मागच्या वाटेने वर चढतो.

आता उपचारांनी नेमकं काय होतं ते पाहा. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात साधारण 60 ते 70 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) इतकं रेडिएशन 30 ते 35 सिटिंगमध्ये, सहा-सात आठवड्यांत दिलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चव उतरू लागते. तोंडाला फोड येतात, लाळ आटते. पांढऱ्या वाइनचा पीएच 3.1 ते 3.4 च्या आसपास असतो. सोललेल्या तोंडाला ती आगीसारखी झोंबेल. त्या काळात टेस्टिंगचं नावही काढू नये. उपचार संपल्यावर बहुतेकांची चव सहा महिने ते वर्षभरात बरीचशी परत येते, काहींची पूर्ण येत नाही. लाळेला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि इथे एक बारकावा आहे. टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यातून तुरटपणा जाणवतो. लाळ कमी असेल तर हे गणित बिघडतं आणि इतरांना मऊ लागणारी कॅबरने सॉव्हिन्यों ही रेड वाइन त्या माणसाला खरखरीत लागते. अशा माणसाने टॅनिनवर निकाल देऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण रेडिएशनचा झोत नाकाच्या वरच्या भागावर पडलेला नसेल तर त्याचं नाक बहुधा चांगलं असतं. त्याला दारातून बाहेर काढताना हे कुणी विचारलंय का?

स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगावरच्या केमोत वेगळंच होतं. तोंडाला धातूची चव येते, काही वास नकोसे होतात, आणि केमो थांबल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाडी रुळावर येते. रक्ताच्या कर्करोगात मुख्य अडचण संसर्गाची. या सगळ्यांना एकाच वाक्यात ‘अपात्र’ लिहिणं म्हणजे कॉर्क खराब निघालेली एक बाटली पाहून अख्खं गोदाम ओतून देणं आहे.

स्वरयंत्र काढलेल्या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात आधी त्यालाच बाद केलं जातं. त्याचा श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो, नाकातून हवा जात नाही, म्हणून वास येत नाही. नाकातली वास ओळखणारी यंत्रणा मात्र जागेवर असते, तिला फक्त हवा मिळत नाही. त्यावर एक साधी युक्ती आहे आणि बोलण्याचं पुनर्वसन करणारे तज्ज्ञ ती शिकवतात. ओठ मिटायचे, आणि चारचौघांत जांभई दाबतो तसं, तोंड बंद ठेवून खालचा जबडा, जीभ आणि तोंडाचा तळ एकदम खाली घ्यायचा. तोंडात पोकळी होते आणि बाहेरची हवा नाकातून आत ओढली जाते. पुन्हा पुन्हा, भराभर. जमायला सराव लागतो. ज्याला जमतं तो कॉर्कचा दोष ग्लास नाकाशी नेऊन सांगू शकतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या परिशिष्टात स्वरयंत्र काढल्याने येणारं वाचेचं अपंगत्व नावानिशी आहे, हेही एचआर विभागांनी वाचून ठेवावं.

नाकाच्या भरवशावर किती काम होतं? बरंच. हॉटेलात परत येणाऱ्या बाटल्यांमधले बहुतेक दोष वासावरच पकडले जातात. खराब कॉर्कमधल्या टीसीए या रसायनाचा वास ओल्या, कुबट पुठ्ठ्यासारखा येतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी सरावलेलं नाक तो धरतं. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर बाष्पशील आम्लं वाढलेली आहेत. कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. सडक्या अंड्याचा वास म्हणजे गंधकाचं संयुग. तबेल्याचा वास म्हणजे ब्रेट, ही पिंपांत वाढणारी यीस्ट. उन्हात तापलेला माल तर डोळ्यांनीच कळतो: कॉर्क वर सरकलेला, बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टनाखाली (कॅपसूल) चिकट गळती. न्हावाशेवा बंदरातून मे महिन्यात आलेला कंटेनर उतरवून घेताना हे बघणारा माणूस हवा असतो, आणि त्याला एक थेंबही तोंडात घ्यावा लागत नाही.

नाकाला कळत नाही ते गोडी, आंबटपणा, टॅनिन आणि भारदस्तपणा. त्यातली शिल्लक साखर, एकूण आम्लता, पीएच आणि मद्याचं प्रमाण हे आकडे वायनरी तांत्रिक पत्रकात देते. उरलेल्यासाठी शेजारी एक तोंड लागतं. एक जण वास घेतो, दुसरा चाखतो, दोघं मिळून नोंद लिहितात. खरेदीच्या टेबलावर असे दोघं बसवले तर कुठलंही काम अडत नाही, उलट दोष पकडण्याकडे कुणाचं तरी पूर्ण लक्ष राहतं.

दुसरी तक्रार: तुम्ही तपासतच नाही. ‘फिटनेस सर्टिफिकेट आणा’ म्हणता, पण कशासाठी फिट ते लिहून देत नाही. डॉक्टर बिचारे ‘हलकं काम’ असं लिहितात आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘काम नाही’ असा लावता. वाइनच्या कामासाठीची तपासणी अवघड नाही, खर्चिकही नाही. ती अशी करता येईल.

जिभेसाठी चार पाणी करा. एक लिटर पिण्याच्या पाण्यात 12 ग्रॅम साखर, दुसऱ्यात 2 ग्रॅम मीठ, तिसऱ्यात 0.6 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, चौथ्यात 0.27 ग्रॅम कॅफीन. पाचवा ग्लास साध्या पाण्याचा. मद्याचा संबंध नाही, त्यामुळे डॉक्टरांची हरकत येण्याचं कारण नाही. फक्त तोंडातल्या जखमा भरून आलेल्या असायला हव्यात, नाहीतर आंबट पाणीही झोंबतं. ग्लासांवर अंक टाका, क्रम बदला, आणि माणसाला ओळखू द्या. कॅफीन आणि सायट्रिक ॲसिड स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजू नका, त्याला एवढं बारीक वजन कळत नाही. जास्त घट्ट द्रावण करून त्यातून पातळ करा.

नाकासाठी त्रिकोणी चाचणी घ्या. तीन एकसारखे ग्लास, प्रत्येकात 30 मिलि. दोघांत तीच वाइन, एकात वेगळी किंवा तीच दोष घातलेली. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून काळे ग्लास वापरा किंवा दिवा मंद करा. ग्लास झाकून दोन मिनिटं ठेवा, मग फक्त वास. वेगळा कोणता? डोळे झाकून उत्तर दिलं तरी तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून अशा 12 फेऱ्या घ्या. आठ किंवा जास्त बरोबर आली तर तो निव्वळ योगायोग मानता येत नाही. सलग बारा नकोत, नाक थकतं. चारचारच्या तीन खेपा, मध्ये वीस मिनिटं. अशा चाचण्या नेहमी कुठे फसतात तेही सांगतो. वाइन फ्रिजमधून थेट काढली तर वास दबतो, तापमान 16-18 अंशांवर आणा. खोलीत फिनाइल किंवा रूम फ्रेशनर नको. आणि केमोच्या आठवड्यात तर चाचणी घेऊच नका, त्या दिवसांत मळमळीने नाक काहीच ऐकत नाही.

चाचणीत कमी पडलेल्याला तीन महिने द्या आणि पुन्हा घ्या. विषाणूसंसर्गानंतर वास गेलेल्या लोकांसाठी जे नाकाचं प्रशिक्षण वापरतात, ते करायला काहीच जात नाही: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, या चार वासांच्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा सेकंद, किमान बारा आठवडे. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. पण संधी न देताच दार लावणं आम्हाला मान्य नाही.

तिसरी तक्रार सेलरची आणि सर्व्हिसची. ‘अंगमेहनत झेपणार नाही’ हे कारण सगळ्यांच्या तोंडी ऐकू येतं, त्यामुळे नेमकी कुठली मेहनत ते बोलू. बारा बाटल्यांची पेटी साधारण 15 ते 16 किलोची असते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईने ती शस्त्रक्रियेनंतर लगेच उचलू नये. हाताला सूज धरण्याचा धोका असतो, आणि वजन हळूहळू, फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याने वाढवायचं असतं. उपाय ट्रॉली आणि सहा-सहाच्या पेट्या. इतकं सोपं आहे हे. वरच्या फळीवरचा माल खाली आणून ठेवणं हे कुठल्याही गोदामात अर्ध्या तासाचं काम आहे.

आतड्याच्या कर्करोगावर ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध बरेचदा दिलं जातं. ते घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की बोटांत टाचण्या टोचतात, गार काही गिळलं तर घसा आवळल्यासारखा होतो. अशा माणसाला बर्फाच्या बादलीतली स्पार्कलिंग उचलायला लावली तर बाटली हातातून सुटते. मग ‘हाताला नीट काम येत नाही’ असा शेरा पडतो. त्याला त्या आठवड्यात रेड वाइनच्या टेबलांवर ठेवा, 16-18 अंशांवरची बाटली त्याला काही करत नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. कॉर्कस्क्रू फिरवणं, पातळ काठाचे ग्लास पुसणं जड जातं. वेटर्स फ्रेंड या दोन पायऱ्यांच्या खिशातल्या कॉर्कस्क्रूऐवजी लिव्हरचा ओपनर द्या, ग्लास पुसायचं काम दुसऱ्याला द्या. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिनचा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, म्हणजे परत आल्यावर पहिल्या महिन्यात बरा दिसणारा माणूस तिसऱ्या महिन्यात अडखळला तर तो कामचुकार झालेला नसतो.

गोदामात खरा धोका दिसतो तो पावसाळ्यात, आणि त्याकडे तुमचं लक्ष नाही. ओल धरलेले पुठ्ठे, त्यावर चढलेली काळी-हिरवी बुरशी. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती गेली तर जिवावर बेतू शकतं. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पेशी सगळ्यात खाली असतात. त्या आठवड्यात त्याला ऑफिसात बसून वाइन लिस्ट करू द्या, साठ्याचा हिशेब बघू द्या. आणि बुरशी धरलेले पुठ्ठे तर सगळ्यांसाठीच काढून टाका.

चौथी तक्रार वेळेची आणि पैशाची. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोगाचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे, म्हणून आसपासच्या कित्येकांचे उपचार तिथेच चालतात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस. मशिनवरचा वेळ काही मिनिटांचा, पण जाणं, थांबणं, येणं मिळून अर्धा दिवस जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसात ज्याला झेपतं त्याला काम करायचं असतं. तुम्ही म्हणता, एकतर पूर्ण शिफ्ट नाहीतर राजीनामा. राजीनामा दिला की गट विमा त्याच दिवशी संपतो, आणि नोकरनाम्यावरून, म्हणजे परवानाधारकाकडे मद्याचं काम करणाऱ्यांच्या नोंदीवरून, नाव उतरतं. पुढे नाव परत चढवायची वेळ आली की टाळाटाळ होते.

ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असताना ठरावीक दीर्घ आजारांत, त्यात कर्करोग आहे, पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी सलग दोन वर्षं विम्याखालची नोकरी लागते आणि मागच्या चार हप्ता-कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) 156 दिवसांचा भरणा लागतो. अकरा महिन्यांचे करार, मध्ये पंधरा दिवसांचा खंड, पुन्हा नवा करार, हे तुमच्यापैकी अनेकांकडे चालतं. त्या खंडाने सलगपणा तुटण्याचा धोका निर्माण होतो, आणि माणूस आजारी पडल्यावरच त्याला हे कळतं. ही तक्रार कलमापेक्षाही आम्हाला जास्त लागते, कारण इथे नुकसान आधीच, निरोगी असतानाच करून ठेवलेलं असतं.

पाचवी तक्रार द्राक्षबागांची. तुम्ही तिला सहल समजता, म्हणून आजारी माणसाचं नाव सगळ्यात आधी तिथून कापता. आमच्यासाठी बाग हा कामाचा उगम आहे. या व्यवसायात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ओढून आणलं ते बागेनेच, आणि आजारपणात धरून ठेवतो तोही तोच ओढा. दिंडोरीकडच्या बागेत तोडणीच्या दिवशी पहाटे, ऊन तापायच्या आत, मण्याची साल दोन बोटांत चोळून बघायची, रंग किती सुटतो. बी काढून बघायची, हिरवट आहे की तपकिरी, दाताखाली कटकन तुटते का. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, वाचायचा, लाल जातींना 22 ते 24. यातलं चाखणं सोडलं तर सगळं डोळ्यांचं आणि बोटांचं काम आहे. ज्याने हे केलंय तो ठाण्यातल्या टेबलावर बसलेल्या गिऱ्हाइकाला बाटलीबद्दल खरं काही सांगू शकतो.

धोके तिथेही आहेत, आणि ते आम्ही तुमच्यापेक्षा चांगले ओळखतो. नाशिक भागात वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन शरीरात मद्याचं विघटन अडवतं. पेस्टिंगनंतर बागेत फिरून त्याच संध्याकाळी टेस्टिंगला बसणाऱ्या धडधाकट माणसाचाही चेहरा लाल होऊ शकतो, छाती धडधडू शकते, रक्तदाब उतरू शकतो. म्हणजे ती भेट कुणासाठीच नको, आणि तरी दौरे त्या आठवड्यात आखले जातात. भुरी आणि केवडा या द्राक्षावरच्या रोगांसाठी फवारण्या चालू असताना, फवारलेलं वाळल्याशिवाय बागेत शिरायचं नाही. पेशी कमी असलेल्याने घडावरचा मणी न धुता तोंडात टाकायचा नाही.

वायनरीत आंबवण सुरू असेल तर खाली वाकून टाकीच्या तळाशी जायचं नाही. लिटरभर रसातून 50 लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तो तळाला साचतो. फुप्फुसावर रेडिएशन झालेल्याने सल्फर डायऑक्साइड घालतानाच्या खोलीत थांबायचं नाही.

केमो दर तीन आठवड्यांनी असेल तर तिसऱ्या आठवड्याचे शेवटचे दिवस प्रवासाला बहुधा सगळ्यात बरे. नक्की काय ते रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगतील. कसारा घाटातून जाऊन-येऊन साधारण 300 किलोमीटर एका दिवसात करायचे नाहीत, रात्रीचा मुक्काम हवा. ताप 38 अंश सेल्सिअस झाला तर पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, थेट रुग्णालय. गाडीत थर्मामीटर असावा आणि नाशिकमधलं रुग्णालय आधी ठरलेलं असावं. इतकी काळजी घेतली तर माणूस बागेत जाऊन सुखरूप परत येतो.

आमच्या मागण्या अशा.

करारातलं ते कलम काढा, आणि ज्यांनी सह्या केल्यात त्यांच्यासाठीही ते रद्द झाल्याचं लेखी कळवा.

काम देण्या-न देण्याचा निर्णय वर सांगितल्यासारख्या चाचणीवर घ्या. चाचणी घेणारा वाइनमधला जाणकार असावा, निकाल माणसाच्या हातात मिळावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा संधी असावी. डॉक्टरांकडे पाठवताना कामांची यादी सोबत द्या: वास घेणं, तोंडात घेऊन थुंकणं, किती किलो उचलणं, किती तास उभं राहणं, किती थंड जागेत बसणं. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. आजाराचं नाव त्या कागदावर असण्याची गरज नाही.

तोंडात न घेता करता येण्यासारखं वाइनचं काम वेगळं पद म्हणून मान्य करा, त्याच पगारावर. ‘आज चाखणार नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. हे निरोगी माणसालाही लागू असावं.

उपचारांच्या आठवड्यांत अर्धी शिफ्ट द्या. रात्रीच्या बँक्वेटनंतर ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी चुकली तर घरी जायची सोय तुमच्याकडून हवी. करारांमधले कृत्रिम खंड बंद करा, ईएसआयचा भरणा दर महिन्याला दाखवा, आणि रजा चालू असेपर्यंत गट विमा व नोकरनामा दोन्ही चालू ठेवा.

गोदामांत ट्रॉली, सहाच्या पेट्या, बुरशीमुक्त पुठ्ठे. यावर वेगळं काही बोलायला नको.

बागांचे दौरे आखताना पेस्टिंगचे आणि फवारणीचे दिवस बागायतदाराला फोन करून आधी विचारा. आणि आजारी माणसाचं नाव यादीतून कापण्याआधी त्याला विचारा. जायचं की नाही ते तो आणि त्याचे डॉक्टर ठरवतील.

तुमच्यापैकी काही मालक हे आधीपासून, कुठलाही गाजावाजा न करता करतात. त्यांच्याकडे काम शिकायला आम्ही बाकीच्यांना पाठवायला तयार आहोत, आणि चाचणीचे ग्लास, दोषांचे नमुने, नोंदींचे कागद हे सगळं तयार करून द्यायलाही तयार आहोत. त्यासाठी पैसे नकोत.

जानेवारी ते मार्चच्या तोडणीला कोण जाणार याच्या याद्या डिसेंबरात होतात. तुमचं लेखी उत्तर त्याआधी यावं.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील वाइनच्या कामावरचे कर्मचारी